‘रुग्णाचे ऑक्सिडीकरण करा’ हे वाक्य का छापू नये

सिस्टर, तुमचा प्रश्न मिळाला. नर्सिंगच्या मुलींसाठी तुम्ही मराठीत जी पुस्तिका करताय, तिच्या मसुद्यात ‘सक्शन करण्यापूर्वी रुग्णाचे ऑक्सिडीकरण करा’ असं वाक्य आलंय (सक्शन म्हणजे कॅथेटर या बारीक नळीनं श्वासमार्गातला कफ ओढून काढणं). ते तुम्हाला खटकलं, आणि ‘ऑक्सिजनेट करणे’ याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. ‘ऑक्सिजनयुक्त करणे’, ‘प्राणवायू पुरवणे’, ‘वायुवीजन करणे’ हे पर्यायही तुम्ही दिलेत. मी भूलतज्ज्ञ आहे. सव्वीस वर्षं हेच काम करते आहे आणि दिवसातून कितीतरी वेळा हा शब्द माझ्या तोंडी असतो. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर आहे. ते वाक्य छापू नका.

ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिडेशन. लोखंड गंजतं, कापलेलं वांगं काळं पडतं, जुनं तेल खवट होतं, लाकूड जळतं. या सगळ्यात मूळ पदार्थ बदलून जातो. गंजाचं पुन्हा लोखंड आपोआप होत नाही. दहावीच्या विज्ञानात आपण ऑक्सिडीकरण आणि क्षपण ही जोडी शिकलो, ती हीच. ऑक्सिजनेशन वेगळं. फुप्फुसात हिमोग्लोबिनच्या लोहावर ऑक्सिजन येऊन बसतो, रक्ताबरोबर प्रवास करतो आणि पेशींपाशी उतरून जातो. तो उतरल्यावर लोह पहिल्यासारखंच असतं, पुढच्या फेरीला तयार. फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्त साधारण पाऊण सेकंदात पुढे सरकतं आणि निरोगी माणसात त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच हे बसणं पुरं होतं. जन्मभर हे चालतं आणि हिमोग्लोबिन गंजत नाही, म्हणून आपण जिवंत आहोत.

हे दोन शब्द एक नाहीत हे मला पुस्तकापेक्षा एका मुलानं जास्त शिकवलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. चार-पाच वर्षांचं पोर, घरात कुणाच्या तरी कुष्ठरोगाच्या उपचाराचं पाकीट होतं, त्यातल्या डॅप्सोनच्या गोळ्या त्यानं खाल्ल्या होत्या. ओठ आणि नखं जांभळट-राखाडी. मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला. ऑक्सिमीटर ८५ वर अडकला तो अडकलाच. छातीत दोन्ही बाजूंना हवा छान जात होती, दम फारसा लागलेला नव्हता आणि तरी पोर निळं. तपासणीसाठी रक्त काढलं तर सिरिंजमध्ये चॉकलेटी रंग. आमच्या वरिष्ठांनी पांढऱ्या गॉजवर त्यातला एक थेंब टाकायला सांगितला आणि शेजारी ड्युटीवरच्या सिस्टरच्या बोटातला एक थेंब. आम्ही तिघं-चौघं त्या गॉजकडे बघत उभे. सिस्टरचा थेंब हवेत लालभडक दिसत होता, मुलाचा तपकिरीच राहिला.

त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. औषधामुळे लोह फेरसचं फेरिक झालेलं असतं आणि फेरिक लोहावर ऑक्सिजन बसू शकत नाही. म्हणजे त्या मुलाच्या रक्ताचं खरोखर ऑक्सिडीकरण झालं होतं आणि नेमकं म्हणूनच त्याचं ऑक्सिजनेशन होत नव्हतं. मिथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून पाचेक मिनिटं सावकाश दिलं. गडद निळं औषध निळ्या पडलेल्या मुलाला देताना माझा हात थांबत होता. अर्ध्या-पाऊण तासात ओठ गुलाबी झाले. (जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या रुग्णात हे औषध घातक ठरू शकतं, ही सूचना पुस्तिकेत हा विषय घेतलात तर जरूर घाला.) आता तुमच्या मसुद्यातलं वाक्य पुन्हा वाचा. एखाद्या विद्यार्थिनीनं ते शब्दशः घेतलं, तर आपण तिला त्या मुलाला जे झालं तेच करायला सांगतोय.

आता मूळ प्रश्न, मराठीत काय म्हणावं. वॉर्डात आपण काय बोलतो ते आधी बघू. ‘पेशंटला ऑक्सिजन लावलाय.’ ‘दोन लिटरवर आहे.’ ‘सॅच्युरेशन चढत नाहीये.’ मराठीत आपण ऑक्सिजन ‘लावतो’, जसा सलाईन लावतो. नातेवाईकही फोनवर हेच सांगतात, ‘आबांना ऑक्सिजन लावला’, आणि समोरचा माणूस घाबरतो किंवा निश्चिंत होतो. पण लावणं ही झाली आपली कृती. ऑक्सिजनेशन हा त्या कृतीचा परिणाम आहे: ऑक्सिजन रक्तात पोहोचला का, हिमोग्लोबिनवर बसला का, पेशींना मिळाला का. औषध देणं आणि औषध लागू पडणं यांत आपण जो फरक करतो, तोच इथे करायचा. ऑक्सिजन लावलाय, पण लागू पडत नाहीये, असं २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही.

तेव्हा काय होत होतं? १५ लिटरचा प्रवाह, रिझर्व्हॉयर पिशवी असलेला मास्क, आणि आकडा ८४. नातेवाईक म्हणायचे, अजून वाढवा. सिलिंडरमधून येणारा वायू शुद्धच होता. पण वायुकोश पाण्यानं आणि सुजेनं भरलेले, आणि त्यांच्या शेजारून जाणारं रक्त ऑक्सिजनला न भेटताच हृदयाकडे परतत होतं. ज्या दारातून आत जायचं ते दारच बंद, बाहेर कितीही गर्दी केली तरी उपयोग नाही. अशा वेळी पेशंटला पालथं झोपवलं की पाठीकडचे दबलेले वायुकोश मोकळे व्हायचे, आणि ऑक्सिजनचा एक लिटरही न वाढवता ८४ चे ९१ झालेले मी पाहिलेत. ऑक्सिजन देणं तेवढंच, ऑक्सिजनेशन मात्र सुधारलं. म्हणून पुस्तिकेत ‘ऑक्सिजनेशन सुधारण्यासाठी’ असा मथळा असेल, तर त्याखाली फक्त ‘ऑक्सिजन द्या’ लिहून भागणार नाही. पेशंटची स्थिती, कफ काढणं, प्रेशर देणं, हे सगळं त्यात येतं.

‘वायुवीजन’ हा शब्द चांगला आहे, पण तो व्हेंटिलेशनसाठी राखून ठेवा. वायुवीजन म्हणजे हवा आत-बाहेर होणं. त्याचं मोठं काम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचं. ऑक्सिजनेशन आणि वायुवीजन ही दोन कामं एकमेकांपासून सुटी पडू शकतात, आणि ती सुटी पडलेली ओळखता न येणं महागात पडतं. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, फुप्फुसं जुनाट झालेल्या आजी असतात ना आपल्याकडे, दर थंडीत दम लागून भरती होणाऱ्या. संध्याकाळी दाखल झाल्या, कुणीतरी १० लिटर लावून ठेवला, रात्री सॅच्युरेशन ९९. सगळे खूश. लेक सांगते, ‘दोन दिवसांनी आज आईला शांत झोप लागलीय.’ हात हातात घेतला तर तळवे गरम, नाडी उसळती, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटतात. ती झोप नसते, कार्बन डायऑक्साइड साठून आलेली गुंगी असते. ऑक्सिजनेशन उत्तम आणि वायुवीजन बुडालेलं. म्हणून अशा पेशंटमध्ये ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन ठेवायचं असतं. हा आकडा पुस्तिकेत चौकटीत द्या, ही माझी आग्रहाची विनंती.

जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत या शब्दाला चिकटलेली आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इनक्यूबेटरमध्ये मुक्तहस्ते ऑक्सिजन दिला जात होता. बाळं जगली आणि त्यातली कितीतरी अंध झाली. अतिरिक्त ऑक्सिजननं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते हे लक्षात यायला १९५० चं दशक उजाडलं.

मी हा शब्द सर्वांत जास्त वापरते तो ‘प्री-ऑक्सिजनेशन’ असा. भूल देण्याआधी. टेबलावर मावशी झोपलेल्या असतात, वरचे दिवे बघून भेदरलेल्या. मी मास्क चेहऱ्यावर नीट बसवते, कडेनं हवा गळू नये म्हणून करंगळी जबड्याखाली धरते आणि सांगते, ‘मावशी, नेहमीसारखा श्वास घ्या, घाई नाही.’ तीन मिनिटं. कुणाला वाटतं नुसतं थांबलेत. या तीन मिनिटांत फुप्फुसातला नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्याची जागा ऑक्सिजन घेतो. हिशेब सोपा आहे. श्वास सोडल्यावरही आडव्या झोपलेल्या प्रौढ माणसाच्या फुप्फुसात दोन-सव्वादोन लिटर वायू उरतो. साधी हवा असेल तर त्यात ऑक्सिजन जेमतेम ३०० मिलिलिटर. शरीराचा खर्च मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर. म्हणजे श्वास थांबला तर मिनिटभराची शिदोरी. तीच फुप्फुसं ऑक्सिजननं भरली की निरोगी माणसात सात-आठ मिनिटं मिळतात. घशात नळी घालायला अडचण आली तर ती मिनिटंच माझ्या हातात असतात. गरोदर बाई, लठ्ठ माणूस, लहान मूल यांच्यात ती फार कमी, कारण साठा लहान किंवा खर्च मोठा.

हे चालू असताना मी मॉनिटरकडे बघत नाही, ऐकत असते. ऑक्सिमीटरचा टुक-टुक आवाज सॅच्युरेशन उतरलं की खालच्या पट्टीत जातो. थिएटरमध्ये कुणी बोलत असलं तरी तो सूर उतरल्याबरोबर माझी मान वळते. हे यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ मध्ये मांडलं. त्याआधीचे भूलतज्ज्ञ ओठांचा, नखांचा आणि जखमेतल्या रक्ताचा रंग बघून ठरवत.

या आकड्याबद्दल मात्र विद्यार्थिनींना एक गोष्ट ठासून सांगा. सॅच्युरेशन ९९ म्हणजे असलेल्या हिमोग्लोबिनपैकी ९९ टक्के जागा भरल्यात. हिमोग्लोबिन किती आहे हे तो आकडा सांगत नाही. एसटीच्या सगळ्या सीट भरलेल्या, पण दिवसभरात गाड्याच तीन, तर गावातले किती लोक बाजारला पोहोचणार? एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. एकीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर त्यात ऑक्सिजन सुमारे २० मिलिलिटर. दुसरीचं ५ ग्रॅम असेल तर सात. ऑक्सिमीटर दोघींनाही ९९ दाखवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया अ‍ॅनिमिक आढळल्या. म्हणजे आपल्या प्रसूती वॉर्डात हा प्रश्न रोजचा आहे. तिथे बाईला ऑक्सिजन लावून विशेष हाती लागत नाही, तिला रक्त किंवा लोह लागतं.

आणि एकदा तर तो आकडा चक्क फसवतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध सापडते, दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. जागा भरलेल्या, पण भलत्यानंच. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, तो निर्धास्त ९८ दाखवतो. तिथे आकडा न बघता १०० टक्के ऑक्सिजन लावायचाच. साध्या हवेत हा वायू अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-सव्वातास.

आता शब्दांच्या निवडीकडे येते. ‘प्राणवायू’ मला मनापासून आवडतो. पण तो जुना शब्द योगशास्त्रातला. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंपैकी एक. पुढे तो ऑक्सिजनला दिला गेला. गंमत अशी की खुद्द ‘ऑक्सिजन’ या शब्दाचा अर्थ ‘आम्ल तयार करणारा’. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेनं १७७७ च्या सुमारास ते नाव ग्रीकवरून घडवलं, कारण सगळ्या आम्लांत हा वायू असतोच असं त्याला वाटत होतं. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीनं दाखवलं की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाही. समजूत गेली, नाव राहिलं. तेव्हा अर्थाच्या दृष्टीनं आपला प्राणवायू ऑक्सिजनपेक्षा सरस आहे. तरीही पुस्तिकेत ‘ऑक्सिजन’च लिहा. सिलिंडरवर, पाइपलाइनवर, केसपेपरवर आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडीही तोच शब्द आहे. घाईच्या वेळी एकाच गोष्टीला दोन नावं नकोत.

जुन्या मराठी पुस्तकांतून ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ आलंय, ते मात्र काढून टाका. याचा मला खरंच त्रास झालेला आहे. ‘पायात अशुद्ध रक्त साठलंय, ते काढून टाका’ म्हणून लोक येतात, कुणी जळवा लावून घेतात, कुणी ब्लेडनं कापून घेतात. शिरांमधलं रक्त घाण नसतं. विश्रांतीच्या वेळी शरीराला दर मिनिटाला सुमारे १००० मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचवला जातो, त्यातला २५० च खर्च होतो. म्हणजे हृदयाकडे परत येणाऱ्या ‘अशुद्ध’ रक्तातही तीन-चतुर्थांश जागा अजून भरलेल्याच असतात! ‘ऑक्सिजनयुक्त रक्त’ आणि ‘कमी ऑक्सिजनचं रक्त’ असं लिहा. दुसरा शब्द लांब आहे, पण खरा आहे.

दवाखान्याबाहेर हा शब्द भेटला तर काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. तिथेही ऑक्सिजन कशात जातोय आणि कसा राहतोय ते बघायचं. मत्स्यशेतीत एरेटर लावतात ते पाण्यात हवा मिसळण्यासाठी. पहाटे तळ्यातला विरघळलेला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. ते हवा मिसळणं झालं. मत्स्यबीज पाठवताना पिशवीत थोडं पाणी आणि वर सिलिंडरमधून ऑक्सिजन भरतात, ते खरोखर पाण्याचं ऑक्सिजनेशन. जमिनीसाठी तर शेतकऱ्यानं फार पूर्वीच शब्द घडवलाय: वाफसा. मुळांना ओल आणि हवा दोन्ही बेतानं मिळतील अशी मातीची अवस्था. पाणी तुंबून मुळं गुदमरली की पीक पिवळं पडतं. शेतीच्या पुस्तकात ‘मृदेचे वायुमिश्रण’ लिहिणाऱ्यानं आधी वाफसा लिहावा.

पेट्रोलच्या बाबतीत अर्थ पुन्हा वेगळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ऑक्सिजनेटेड इंधन म्हणतात, कारण इथेनॉलच्या रेणूतच वजनानं सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. उसाच्या मळीपासून निघालेलं इथेनॉल आपल्या भागातून जातं, पण त्यात कुणी वायू सोडत नाही. आणि एक धोक्याची जागा सांगते. फ्रेंचमध्ये, स्पॅनिशमध्ये ज्याला शब्दशः ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ म्हणतात ते म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८ मध्ये ते शोधलं तेव्हा हेच नाव दिलं होतं. जखम धुण्याच्या प्रकरणात परदेशी पुस्तकावरून भाषांतर करताना हा शब्द आला, तर तो तसाच उतरवू नका. कुणी पिण्याचं पाणी समजलं तर घशापासून जठरापर्यंत भाजू शकतं. बाजारात बाटलीबंद ‘ऑक्सिजनवालं पाणी’ मिळतं ते निराळं. ते पिऊन रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. २५ अंश तापमानाला साधं पाणी हवेतून लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरतं. दाबानं त्यात काही पट कोंबला, तरी तो जाणार पोटात. आपल्या एका साध्या श्वासात मात्र सुमारे १०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि तो योग्य जागी जातो.

तर तुमच्या पुस्तिकेसाठी: नाम म्हणून ‘ऑक्सिजनेशन’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘रक्तात ऑक्सिजन पोहोचणे’ एवढा अर्थ द्या. कृती सांगताना ‘ऑक्सिजन द्या’ किंवा ‘लावा’, मुलींना जे जवळचं वाटेल ते, आणि सोबत किती, किती वेळ आणि काय बघायचं हे लिहा. इंग्रजीतल्या एका क्रियापदात हे तिन्ही गृहीत धरलेलं असतं, मराठी वाक्यात ते उघड लिहावं लागतं. ज्या वाक्यापासून सुरुवात झाली ते मी असं लिहीन:

‘सक्शनआधी किमान ३० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन द्या. ऑक्सिमीटरचा आकडा वर येऊन स्थिर झाला आहे हे स्वतः बघा. मगच कॅथेटर आत घाला, १५ सेकंदांच्या आत बाहेर काढा आणि लगेच पुन्हा ऑक्सिजन लावा.’